होडीपुढची पेंढी

आमच्या कचेरीच्या आवारात खजिनदारांचं तट्टू आणि हेडकारकुनांची घोडी यांच्या मधोमध एक होडी खुंट्याला बांधलेली असे. नुसती बांधलेली नव्हे, तिच्यापुढे रोज गवताची एक पेंढी आणि पाण्याची बादली ठेवलेली असे. मी थट्टा करतोय असं तुम्हांला वाटत असेल, तर तुम्ही आमच्या त्रिंबकपंतांना ओळखत नाही. ओळखायचं काही कारणही नाही म्हणा, म्हणून तर सांगायला बसलोय.

कचेरी कुठली ते मात्र विचारू नका. ठाण्यात होती, सरकारी होती आणि खाडीच्या अगदी काठाला होती, एवढं पुरे. माझी पेन्शन अजून चालू आहे आणि ती चालू राहावी अशी घरच्यांची फार इच्छा आहे.

त्रिंबकपंत माझ्या शेजारच्या बैठकीवर बसत. उंच, वाळके, पागोटं भुवयांपर्यंत ओढलेलं, आणि दोन्ही हात ऐन उन्हाळ्यातसुद्धा उपरण्यात गुंडाळलेले. पन्नाशी उलटलेली, बायको वारलेली, मूलबाळ नाही. बाळकुमला एकटेच राहत. बोलणं असं नाहीच. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालंच तर एकच वाक्य निघे, "कलम दाखवा, पाळतो." शिपायानं वहाणा बाहेर काढायला सांगितलं तरी तेच आणि न्हाव्यानं मान खाली घाला म्हटलं तरी तेच. एकदा देवळातल्या भटजींनी त्यांना एकादशीला भात खाल्ल्याबद्दल हटकलं. पंतांनी कलम मागितलं. भटजी इरेला पेटले आणि त्यांनी पोथी काढून ओळ दाखवली. त्या दिवसापासून पंतांनी एकादशीचा भात सोडला, पण दर एकादशीला देवळात जाऊन ते भटजींच्या ताटातल्या बटाट्याचंही कलम मागू लागले. शेवटी भटजी एकादशी करायला लेकीच्या सासरी जायला लागले.

सत्यनारायणाच्या प्रसादाला एकदा पंतांनी ओंजळ पुढे केली, तेव्हा त्यांचे तळवे मी पहिल्यांदा पाहिले. गवंड्याच्या हाताला असतात तसे घट्टे. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाले लेखणी जरा दाबून धरतो. मला ते पटलं. दोन्ही हातांनी कोण लिहितं हो, हे मला घरी गेल्यावर सुचलं, आणि तोवर प्रसादही पचला होता.

आता होडीचं सांगतो. बाळकुमाहून ठाण्याला यायला चांगला गाडीरस्ता आहे. माझ्यासारखा लठ्ठ माणूससुद्धा तो चालून येईल, टांग्यानं तर विडा रंगायच्या आत पोचावं. पंत मात्र होडीनं येत, खाडीच्या वळणावळणानं, रस्त्याच्या दुप्पट वेळ घेऊन, आणि तेही भरती असेल तेव्हाच. सगळी कचेरी घड्याळावर चाले, पंत एकटे चंद्रावर चालत. भरती पहाटे असली की पंत पहाटेच येत आणि कचेरीच्या ओटीवर पागोटं उशाशी घेऊन निजत. झाडूवाला त्यांच्या भोवतीनं झाडून घेई. उशीर मात्र त्यांनी कधी केला नाही. अहो पंत, चालत का येत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. कलम दाखवा.

होडी हाकायला पोशा नाखवा असे. बाळकुमचा म्हातारा कोळी, पंतांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल रुमाल, आणि चेहऱ्यावर भाव असा की ही खाडी त्याच्याच आजानं खणून घेतली होती. आम्हांला धक्क्यावरून होडी दिसे तेव्हा वल्ही पोशाच्या हातात असत. शेवटचे चार हात मारून तो ती धक्क्याला लावी आणि बांधली रे बांधली की तिच्यातच आडवा होऊन घोरायला लागे. पंत परत जायला निघेपर्यंत तो काही हलत नसे.

हे असंच चालू राहिलं असतं, पण पुण्याहून नवे शिरस्तेदार आले. आल्या आठवड्यातच खजिनदारांच्या तट्टानं खिडकीतून मान आत घातली आणि खुंटीवरचं त्यांचं पागोटं चघळलं. पागोटं कोरं होतं. तट्टाचं पोट बिघडलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी दरवाज्यावर हुकूम लागला की कचेरीच्या नोकरांनी आपापलं वाहन आवारात नेमून दिलेल्या खुंट्यालाच बांधावं. वाहनापुढे मालकानं स्वतः चारा-पाणी ठेवावं. दिवेलागणीला वाहन आवाराबाहेर न्यावं. ओटी, फाटक, रस्ता किंवा धक्का इथे कोणाचं वाहन आढळल्यास ते कोंडवाड्यात घातलं जाईल.

हे लिहिताना शिरस्तेदारांच्या डोळ्यांपुढे फक्त घोडी होती. धक्क्याचं नाव त्यांनी घातलं ते शिपाई तिथे घोडी धूत म्हणून. होडी त्यांच्या स्वप्नातही नव्हती. पण हुकूम लावून मागे वळतात तो त्यांना खिडकीतून धक्क्याला लागलेली होडी दिसली आणि तिच्यात पाय पसरून घोरणारा पोशा दिसला. हुकूम तो हुकूम, म्हणून त्यांनी पंतांना बोलावून होडी हलवा म्हणून सांगितलं.

पंत बाहेर आले आणि तो हुकूम उभ्या उभ्या वाचू लागले. आम्हांला वाटलं आता हा माणूस चिडणार. कसचं काय. जन्मभर कलम मागत फिरणाऱ्या माणसाला शेवटी कोणीतरी कलम दिलं होतं. लेकीचं लग्न जमल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. आत जाऊन ते म्हणाले की मी कचेरीचा नोकर आणि होडी माझं वाहन, तेव्हा हुकुमाप्रमाणे मला एक खुंटा मिळायला हवा. शिरस्तेदार आधीच पागोट्याच्या दुःखात होते. आणा की मग आवारात आणि बांधा खुंट्याला, मी कुठे नाही म्हणतोय, असं ते बोलून गेले. नवा माणूस, त्याला काय माहीत.

दुसऱ्या दिवशी बंदरावरचे चार दांडगे कोळी होडी ओढत फाटकातून आत आले. पोशा आतच बसून होता. उतरायची त्याला गरज वाटली नाही. पंतांनी होडीला दावं लावलं, खुंट्याला गाठ मारली, पुढे पेंढी टाकली, बादली भरून ठेवली आणि येऊन मुकाट्यानं लिहायला बसले. खजिनदारांचं तट्टू पहिल्या दिवशी बिचकलं. पण शेजारीण स्वतःचा चारा खात नाही हे त्याच्या लवकरच लक्षात आलं, आणि महिनाभरात ते इतकं माजलं की खजिनदारांना त्याच्यावर बसायचं भय वाटू लागलं.

आम्ही मंडळी मात्र मजेत होतो. दुपारी होडीत बसून पान खायची सोय झाली. एका कोंबडीनं तिच्यात अंडी घातली, ती पोशानं खाल्ली. आंबिवलीकडून कामाला आलेल्या एका शेतकऱ्यानं गवत-पाणी मांडलेली होडी पाहिली आणि हा काही सरकारी नवस असावा असं समजून तिला हळदकुंकू वाहिलं. शिरस्तेदार खिडकीतून हे सगळं बघत आणि दिवसेंदिवस वाळत चालले. हुकूम त्यांचाच, मोडायचा कसा?

शेवटी त्यांना दिवेलागणीचं कलम आठवलं. एका संध्याकाळी खाडीला पार ओहोटी होती, धक्क्याखाली नुसता चिखल. होडी हलणं शक्य नव्हतं. पंत कामासाठी गावात गेले होते. दिवे लागले तसे शिरस्तेदारांनी शिपाई लावून होडी थेट कोंडवाड्यात पाठवली. घाईत कोणी आत वाकून पाहिलं नाही. कोंडवाड्याच्या दाराशी पोशा जागा झाला, आजूबाजूला म्हशी पाहिल्या आणि होडी सुटल्याखेरीज मी उठणार नाही असं सांगून पुन्हा आडवा झाला. कोंडवाडेवाल्याला प्रश्न पडला की हे जनावर लिहायचं कोणत्या खात्यात. त्यानं लिहिलं, म्हैस एक, आत म्हातारा एक.

मी पंतांना हे सांगायला गेलो, तेव्हा त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा पळताना पाहिलं. उपरणं खाली पडलं ते उचललं नाही, की कोणाकडे कलम मागितलं नाही. कोंडवाड्याच्या कुडाला हात लावून ते सारखे विचारत होते, "पोशा, म्हशींनी लाथ नाही ना मारली?" आतून पोशानं त्यांना शिव्या घातल्या, तेव्हा कुठे ते कुडाला टेकून खाली बसले.

सकाळी मालकीची ओळख पटवायची वेळ आली तेव्हा पंत पुन्हा पंत झाले. रंग काळा, शिंगं नाहीत, शेपूट नाही, अंगावर डांबर, असं त्यांनी न हसता सांगितलं, आणि हिनं इथे काल काय खाल्लं त्याचा जाब मागितला. कोंडवाडेवाल्यानं हात जोडले. पुन्हा होडी आणलीत तर मी ही नोकरी सोडून काशीला जाईन, असं त्यानं शिरस्तेदारांना कळवलं. झालं, शिक्षेची जागाच संपली. होडी आपल्या खुंट्याला परत आली.

मग साहेब तपासणीला आले. आवारात शिरताच होडी पाहिली, पेंढी पाहिली, आणि इतके हसले की हेडकारकुनांची घोडी बुजली. सगळी हकीकत त्यांनी ऐकून घेतली. साहेब मनानं चांगले होते, आणि तिथेच घात झाला. त्यांनी ठरवलं की या गरीब कारकुनाला घोडं परवडत नाही म्हणून बिचारा असे हाल सोसतो आहे. तेव्हा सरकारातून याला एक तट्टू देण्यात यावं, आणि ही होडी कायमची बंद व्हावी.

कचेरीभर आनंदीआनंद झाला. सरकारी तट्टू काय साधी गोष्ट आहे? मी पंतांकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक. ते पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, कचेरीत वेळेवर यावं हे माझं कर्तव्य. कशात बसून यावं हा माझा हक्क. नोकरानं सरकारी तट्टू घेतलंच पाहिजे असं कलम असेल तर दाखवा, पाळतो."

असं कलम नव्हतं. शिरस्तेदारांनी सगळी पुस्तकं उलथीपालथी केली, पण नव्हतं. साहेब नाराज झाले. तट्टू नको असेल तर उद्या त्याचं खरं कारण सांगा, नाहीतर होडी बंद, एवढं म्हणून ते बंगल्यावर गेले. हेडकारकुनांनी मला बाजूला घेतलं आणि पंतांबरोबर बाळकुमला जाऊन त्यांची समजूत घालायला सांगितलं. पंतांच्या शेजारी बसतो म्हणजे मी त्यांचा मित्र, असा हिशेब.

त्या दिवशी उतरत्या दुपारी भरती होती. होडी निघाली. पोशानं धक्क्यावरच्या लोकांदेखत ऐटीत वल्ही मारली. मग खाडी वळली, तिवरांच्या झाडीआड कचेरी दिसेनाशी झाली, आणि पंतांनी पागोटं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. धोतर खोचलं आणि पोशाच्या हातातून वल्ही घेतली. पोशा मागे जाऊन बसला, त्यानं चिलीम काढली आणि पंतांना सुनवायला सुरुवात केली. "पान्याला मारतंय का पान्याशी भांडतंय? बापूस बरा होता तुजा, गप बसून यायचा."

आणि पंत? पंत बोलत होते. इतक्या वर्षांत कचेरीत जेवढं बोलले नाहीत तेवढं त्या एका वळणावर बोलले. सकाळी वांगं करपलं ते, तट्टाचं तोंड खजिनदारांसारखं दिसायला लागलंय ते, शिरस्तेदार जांभई देताना खिडकी कशी लावून घेतात ते. पोशा प्रत्येक गोष्टीला उलट बोले, की पंत वल्ही थांबवून वाद घालत, की होडी फिरे, की पोशा शिव्या देई. मी पागोटं सांभाळत तोंडात बोट घालून बसलो होतो.

बाळकुम दिसायच्या आधी पोशानं हात पुढे केले. पंतांनी वल्ही दिली. म्हाताऱ्याची बोटं वल्ह्यावर मिटेनात. पंतांनी ती एक एक करून मिटवली, पागोटं डोक्यावर ठेवलं आणि हात उपरण्यात गुंडाळून बाबूसारखे बसले. गाव आलं ते पोशा नाखव्यानं हाकलेल्या होडीतून आलं.

पोशा आपल्या घरी गेल्यावर पंत माझ्याशी बोलले. चालताना, माझ्याकडे न बघता. "मी शाळेला याच होडीतून जायचो. आता त्याचे हात गेले. मागंपुढं कोणी नाही, आणि फुकटचा घास तो खायचा नाही. मी तट्टावर बसलो की तो घरी बसेल, आणि घरी बसला की संपला. हे साहेबाला कसं सांगू? उद्या सगळ्या बंदरात होईल की पोशाला वल्हं धरवत नाही." ब्राह्मण असून आपण वल्ही मारतो हे बाहेर फुटेल याची त्यांना काळजी असेल असं मला वाटलं होतं. त्याचा त्यांनी उच्चारही केला नाही.

समजूत घालायला गेलेला मी, माझीच समजूत पटून गाडीरस्त्यानं परत आलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे पंत उभे राहिले आणि गप्पच राहिले. खोटं बोलायला त्यांना कलम सापडत नसावं. मग मीच पुढे झालो. म्हटलं, साहेब, लाज वाटते म्हणून ते सांगत नाहीत, पण त्यांना घोड्याचं फार भय आहे. लहानपणी घोडं चावलं होतं, आणि कुठे चावलं ते चारचौघांत विचारू नये. कचेरी फुटेस्तोवर हसली. पंतांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मान खाली घातली आणि ते सगळं हसू अंगावर घेतलं. साहेबांनी उलट शिरस्तेदारांनाच फैलावर घेतलं, की या भेदरट माणसाला तुम्ही दोन घोड्यांच्या मधला खुंटा दिलात? होडीनं खुंट्याकडे जाऊ नये, खुंट्यानं होडीकडे जावं, असा हुकूम देऊन ते निघून गेले. त्याच दिवशी धक्क्यावर पंतांच्या नावाचा खुंटा ठोकला गेला.

शिरस्तेदारांनाही आपला आब राखायला हवा होता. त्यांनी बजावलं की जागा बदलली तरी बाकीचा हुकूम कायम आहे, चारा-पाणी ठेवावं लागेल.

"कलम आहे, पाळतो," पंत म्हणाले. आणि धक्क्यावर, भर खाडीत डुलणाऱ्या होडीसमोर, रोज एक पेंढी आणि एक बादली पाणी मांडलं जाऊ लागलं.

पुढे थोड्या दिवसांनी मी दुपारचा धक्क्यावर गेलो होतो. पोशा त्या दिवशी घोरत नव्हता. त्यानं मला हाक मारून जवळ बसवलं आणि कचेरीच्या खिडकीकडे बघत हलक्या आवाजात म्हणाला, "मना काय हौस हाय का रं या वयात पान्यात येवाची? हात चालत नाय माजं. पन याची बायकू गेली तवाधरनं यो घरात कोनाशी बोलत नाय. माज्यासंगं भांडतंय तवराच बोलतंय. मी घरी बसलू तं यो मुका होईल. म्हनून येतंय मी." मग मला दटावून म्हणाला, "त्याला नको सांगू. त्याला वाटतंय, तोच मना पोसतंय."

मी मान हलवली. एकाचं गुपित मी आधीच पोटात घेऊन हिंडत होतो, त्यावर हे दुसरं. दोघांनाही कचेरीपेक्षा ते तिवराआडचं वळण जास्त हवं होतं, आणि दोघंही एकमेकांवर उपकार केल्याच्या तोऱ्यात होते.

दुसऱ्या दिवशी भरती ऐन कचेरी भरायच्या वेळेची होती. ते दोघे अजून यायचे होते आणि शिरस्तेदार खिडकीत उभे होते. हे मालकानं स्वतः करावं असं कलम होतं, तरी मी खजिनदारांच्या तट्टापुढची एक पेंढी उचलली, धक्क्यावर नेऊन पंतांच्या खुंट्यापाशी ठेवली, आणि बादली भरायला खाली वाकलो.